एकाच तबकडीच्या दोन बाजू

जुलै १९५४ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरातल्या सन रेकॉर्ड्स या लहानशा कंपनीने २०९ क्रमांकाची एक तबकडी काढली. तिच्या एका बाजूला ‘दॅट्स ऑल राइट’ हे गाणे होते आणि दुसऱ्या बाजूला ‘ब्लू मून ऑफ केंटकी’. पहिले गाणे आर्थर ‘बिग बॉय’ क्रडप या मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचे; ब्लूज म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची दुःख गाणारी गीतपरंपरा. त्याने ते १९४६ साली शिकागोत ध्वनिमुद्रित केले होते. दुसरे बिल मन्रो या केंटकीच्या गोऱ्या ब्लूग्रास (कंट्री या ग्रामीण संगीताची एक शाखा) गायकाचे, तेही त्याच दशकातले. तबकडीच्या दोन्ही बाजूंवर आवाज होता तो एकोणीस वर्षांच्या एल्विस प्रेस्लीचा. पुढे मन्रोला त्याच्या गाण्याच्या रॉयल्टीचे घसघशीत धनादेश मिळाले आणि त्यांबद्दल तो समाधानाने बोललाही. क्रडपच्या हाती मात्र जवळजवळ काहीच पडले नाही. तो शेतमजुरी करून पोट भरत राहिला आणि १९७४ साली गरिबीतच वारला.

एल्विसच्या सांगीतिक वारशाविषयीचा वाद त्याच्या हयातीतच सुरू झाला आणि त्याच्या मृत्यूला जवळजवळ अर्धे शतक लोटले तरी तो शमलेला नाही. एका पक्षाला तो रॉक अँड रोलचा राजा वाटतो, जणू हे संगीत त्याच्याबरोबरच जन्माला आले. दुसऱ्या पक्षाच्या मते त्याने कृष्णवर्णीयांचे संगीत उचलले, गोऱ्या कातडीच्या बळावर ते विकले आणि ज्यांचे ते होते त्यांना वाऱ्यावर सोडले. पब्लिक एनिमी या रॅप गटाने १९८९ साली एका गाण्यात त्याला उघडपणे वंशद्वेष्टा म्हटले, आणि त्यानंतरच्या पिढीतील पुष्कळांना एल्विस एवढाच ठाऊक आहे. दोन्ही पक्षांचे थोडेथोडे बरोबर आहे, असे म्हणून या वादातून अंग काढून घेणे सोपे आहे, पण त्याने काहीच उलगडत नाही. माझे म्हणणे असे आहे की ‘चोरी’ या एका शब्दात कलेचा हिशेब आणि पैशाचा हिशेब यांची सरमिसळ झालेली आहे. कलेच्या हिशेबात एल्विस चोर ठरत नाही. पैशाच्या हिशेबात मात्र फार मोठे देणे थकलेले आहे, त्या थकबाकीचा लाभ त्यालाही झाला, आणि ज्या व्यवहाराने क्रडपला नागवले त्याच व्यवहाराने पुढे एल्विसच्या गाण्याचीही माती केली.

आधी कान काय सांगतात ते पाहू. ‘दॅट्स ऑल राइट’ची दोन्ही ध्वनिमुद्रणे मी कितीतरी वेळा लागोपाठ ऐकली आहेत. क्रडपच्या गाण्यात गिटारच्या जोडीला बास आणि ड्रम आहेत. ठेका जमिनीवर पाय रोवून चालणारा आहे आणि त्याचा ताणलेला, किंचित खरखरीत आवाज वरच्या पट्टीत जाऊन ओरडल्यासारखा लागतो. आईबापांनी बजावले होते की पोरा, ती मुलगी तुझ्या कामाची नाही, आणि ते खरे ठरले, हे कळून चुकलेल्या माणसाचे ते गाणे आहे. ‘ठीक आहे’ असे तो म्हणतो तेव्हा काहीही ठीक नाही हे ऐकणाऱ्याला कळते. एल्विसच्या गाण्यात ड्रम नाहीतच. सुरुवातीला त्याने स्वतः छेडलेली साधी गिटार येते, मग बिल ब्लॅक बासच्या तारा ओढून फळीवर सोडतो त्याचा टकटक आवाज येतो आणि वरून स्कॉटी मूरच्या इलेक्ट्रिक गिटारचे लहान लहान फिरकेदार तुकडे. लय चढी आहे. सगळे गाणे दोन मिनिटांच्या आत संपते आणि त्याच शब्दांचा अर्थ उलटा होऊन जातो, कारण हा मुलगा ‘ठीक आहे’ म्हणतो तेव्हा त्याला खरोखरच मोकळे वाटत असते. दुःखाचे गाणे सुटकेचे झाले. शब्द आणि चाल दुसऱ्याची असताना गायकाने असा अर्थपालट घडवणे याला माझ्या शब्दकोशात नक्कल म्हणत नाहीत.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ‘दॅट्स ऑल राइट, मामा’ हे शब्द क्रडपचेही स्वतःचे नव्हते. ते ब्लाइंड लेमन जेफरसनच्या १९२६ सालच्या एका ब्लूजमध्ये आधीच येऊन गेलेले आहेत. ब्लूजची परंपराच अशी आहे की ओळी, चालींचे तुकडे आणि गिटारच्या जागा एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि प्रत्येक गायक त्यात स्वतःचे दुःख ओततो. बिल मन्रोने तरुणपणी ज्याच्याकडून गिटारची लय आत्मसात केली तो अर्नोल्ड शुल्ट्झही कृष्णवर्णीयच होता. म्हणजे ज्याला ‘गोऱ्यांचे’ संगीत म्हणतात तेसुद्धा मुळापासून मिश्रच होते. कायद्याने शाळा, बाके, पाण्याचे नळ सगळे वेगवेगळे केले तरी गाणी त्या भिंतीला जुमानत नव्हती.

तबकडीची दुसरी बाजू या वादात क्वचितच कोणी उलटून पाहतो, आणि माझ्या मते तीच जास्त बोलकी आहे. मन्रोचे मूळ गाणे तीन मात्रांच्या संथ वॉल्ट्झचे. एल्विसने आणि त्याच्या दोन साथीदारांनी त्याला चार मात्रांत बसवले आणि लय दामटली. पारंपरिक कंट्री संगीताच्या चाहत्यांना तो उच्छाद वाटला असणार. मन्रोने मात्र त्याच वर्षी आपले गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले, आधी जुन्या वॉल्ट्झमध्ये आणि मग नव्या चार मात्रांत. एकाच वेळी कृष्णवर्णीय ब्लूज आणि गोरे ब्लूग्रास घेऊन दोघांनाही सारख्याच मोकळेपणाने वागवणारा हा गायक होता. त्याने मन्रोचे गाणे चोरले असे आजवर कोणी म्हटलेले नाही. का म्हटले नाही? मन्रोला पैसे मिळाले म्हणून. म्हणजे आपण ज्याला चोरी म्हणतो आहोत ती गाण्यात नसून हिशेबाच्या वहीत आहे.

एल्विस ज्या घरातून आला तेही विसरता येत नाही. मिसिसिपीतील ट्युपेलो गावात दोन खोल्यांच्या लाकडी घरात ८ जानेवारी १९३५ रोजी त्याचा जन्म झाला. बापाला धनादेशातील खाडाखोडीबद्दल तुरुंगवास झाला, घर गेले, आणि पुढे काही काळ कुटुंब गावातील कृष्णवर्णीयांच्या वस्तीला लागून भाड्याने राहिले. १९४८ साली प्रेस्ली कुटुंब मेम्फिसला आले तेव्हा तिथे डब्ल्यूडीआयए हे रेडिओ केंद्र कृष्णवर्णीय निवेदक आणि कृष्णवर्णीय संगीत ऐकवू लागले होते, आणि रेडिओला कोणते कान ऐकत आहेत हे विचारता येत नसे. चर्चमधील गॉस्पेल भक्तिगीते, रेडिओवरील ब्लूज आणि शनिवार रात्रीचे कंट्री हे सगळे त्याने एकाच भुकेने ऐकले. त्याला आयुष्यात जे तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले ते तिन्ही गॉस्पेलसाठी मिळाले, ही गोष्ट रॉकच्या राजाची आरती ओवाळणारे सहसा सांगत नाहीत.

आणि ऋण त्याने लपवले का? नाही. १९५६ च्या जूनमध्ये, प्रसिद्धीच्या शिखरावर असताना, शार्लट येथील वार्ताहराला त्याने स्पष्ट सांगितले की मी जे गातो ते कृष्णवर्णीय लोक कित्येक वर्षांपासून गात आलेले आहेत, आणि ट्युपेलोत आपण आर्थर क्रडपला ऐकत असू, त्याला जे जाणवत होते ते आपल्याला जाणवले तर आपण खरे गायक होऊ असे वाटे. नाव घेऊन सांगितले, हे महत्त्वाचे. कृष्णवर्णीयांविषयी त्याने अपमानकारक उद्गार काढल्याची अफवा १९५७ साली पसरली तेव्हा ‘जेट’ या कृष्णवर्णीय वाचकांच्या साप्ताहिकाने ती तपासली आणि तिला आधार नसल्याचे छापले. त्याच वेळी एल्विसने त्यांना सांगितले की रॉक अँड रोल माझ्या आधीपासून होते आणि फॅट्स डॉमिनो या कृष्णवर्णीय गायकासारखे मला गाता येत नाही. १९६९ साली लास व्हेगासमध्ये पत्रकारांनी त्याला राजा म्हटले, तेव्हा त्याने तिथेच हजर असलेल्या डॉमिनोकडे बोट दाखवले. वंशद्वेष्टा म्हणून ज्याला हिणवायचे त्याच्या तोंडची ही वाक्ये नव्हेत.

कलेच्या हिशेबातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. ४ डिसेंबर १९५६ रोजी एल्विस सहज म्हणून सन कंपनीच्या जुन्या स्टुडिओत गेला. तिथे कार्ल पर्किन्सचे ध्वनिमुद्रण चालू होते, जेरी ली लुईस पियानोवर होता, जॉनी कॅशही आला होता. चौघे जमले आणि टेप चालूच राहिली. त्या टेपवर एल्विस मित्रांना सांगतो आहे की लास व्हेगासमध्ये बिली वॉर्डच्या डॉमिनोज या गटातील एका गायकाने माझे ‘डोन्ट बी क्रूएल’ माझ्यापेक्षा कितीतरी चांगले गायले. तो गायक म्हणजे पुढे नाव कमावलेला जॅकी विल्सन. एल्विसने त्याला एकदा ऐकून समाधान मानले नाही, तो पुन्हा पुन्हा ऐकायला गेला. आणि मग तो विल्सनच्या ढंगात ते गाणे गाऊन दाखवतो, लय खाली आणून, ‘टेलिफोन’ या शब्दाचा विल्सनने केलेला खास उच्चार उचलून, शेवट ताणून. गाणे लिहिले ऑटिस ब्लॅकवेल या ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय गीतकाराने, त्याच्या नमुना ध्वनिमुद्रणातील ढंगावरून ते एल्विसने उचलले, एल्विसवरून विल्सनने, आणि आता विल्सनवरून पुन्हा एल्विस. शिष्य गुरूच्या जागा घेताना जसा रंगतो तसा तो त्या टेपवर रंगलेला आहे. यात कोण कोणाचे काय चोरतो आहे हे कोणीतरी मला समजावून सांगावे.

आपल्याकडे ख्यालगायकाने बंदिश स्वतः बांधलेली नाही म्हणून कोणी त्याला कमी लेखत नाही; तो ती कशी मांडतो यावर त्याची परीक्षा होते. एल्विसने गाणी लिहिली नाहीत. तो गायक होता, आणि त्याच मापाने त्याला मोजले पाहिजे. या मापाने तो प्रत्येक वेळी उत्तीर्ण होतो असेही नाही. ‘हाउंड डॉग’चे उदाहरण घ्या. जेरी लायबर आणि माइक स्टोलर या एकोणीस वर्षांच्या दोन ज्यू तरुणांनी ते १९५२ साली बिग मामा थॉर्नटनसाठी लिहिले, आणि तिने ते असे गायले की फुकट खाणाऱ्या पुरुषाला घराबाहेर काढणारी बाई डोळ्यांसमोर उभी राहते. तिचा गुरगुरता आवाज, थांबून थांबून टाकलेले शब्द, मागून चिडवणारी गिटार. तिची तबकडी १९५३ साली रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीच्या, खपाच्या यादीत सात आठवडे पहिली होती. एल्विसने १९५६ साली गायलेला पाठ लास व्हेगासमधील फ्रेडी बेलच्या विनोदी गटाकडून घेतलेला, शब्द बदललेला. त्यात बाई नाही, पुरुषही नाही, खरोखरचा कुत्राच उरला आहे. डी. जे. फोंटानाच्या ड्रमचा धडाका अंगावर येतो हे खरे, त्या काळच्या पोरांनी त्यावर का उड्या मारल्या हेही कळते, तरी अर्थाच्या दृष्टीने थॉर्नटनचे गाणे उजवे आहे आणि ते तसे म्हटले पाहिजे. थॉर्नटनने नंतर सांगितले की त्या गाण्याचे तिला एकदाच ५०० डॉलर मिळाले, पुढे काही नाही.

आता पैशाकडे येतो, कारण कबुली दिल्याने कोणाचे पोट भरत नाही.

१९५० च्या दशकात अमेरिकेत गाण्यांच्या खपाच्या याद्यासुद्धा वेगळ्या असत: पॉप, कंट्री, आणि कृष्णवर्णीयांसाठी रिदम अँड ब्लूज. ‘हाउंड डॉग’ आणि ‘डोन्ट बी क्रूएल’ असलेली तबकडी १९५६ साली तिन्ही याद्यांत पहिली आली, म्हणजे कृष्णवर्णीय श्रोत्यांनीही ती घेतली. उलट दिशेचे दार मात्र इतके उघडे नव्हते. मेम्फिसचा रेडिओ निवेदक ड्यूई फिलिप्स याने ‘दॅट्स ऑल राइट’ वाजवल्यावर एल्विसची मुलाखत घेतली तेव्हा त्याला शाळेचे नाव मुद्दाम विचारले, कारण शाळा वेगळ्या असल्यामुळे ह्यूम्स हायस्कूल हे नाव ऐकताच गायक गोरा आहे हे श्रोत्यांना कळणार होते. तो गोरा होता म्हणून त्याच्यासाठी जी दारे उघडली ती क्रडपसाठी कधीच उघडली नसती. सन कंपनीचा मालक सॅम फिलिप्स याने आधी हाऊलिन वुल्फ, बी. बी. किंग, रुफस थॉमस यांना ध्वनिमुद्रित केले होते. एल्विस चालल्यावर तो गोऱ्या मुलांकडेच वळला, आणि थॉमसने ही सल उघड बोलून दाखवली. एल्विसच्या गळ्याची थोरवी मानणाऱ्याने हे सगळे मान्य केलेच पाहिजे. त्याच्या यशातला एक मोठा वाटा त्याच्या गळ्याचा नव्हता.

पण क्रडपचे पैसे नेमके कोणी ठेवून घेतले? आधी त्याचा व्यवस्थापक लेस्टर मेलरोज याने, ज्याच्याकडे गाण्यांचे हक्क लिहून दिलेले होते, आणि मग ज्यांच्याकडे ते हक्क गेले त्या हिल अँड रेंज या प्रकाशक, म्हणजे गाण्यांचे हक्क बाळगून त्यांचे पैसे वसूल करणाऱ्या, कंपनीने. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला क्रडपच्या बाजूने प्रयत्न झाले, सुमारे ६०,००० डॉलरचा समझोता ठरला, म्हातारा क्रडप मुलांना घेऊन सही करायला न्यूयॉर्कला गेला, आणि ऐनवेळी कंपनीने सही नाकारली. हीच हिल अँड रेंज कंपनी एल्विसच्या गाण्यांच्या प्रकाशनात त्याची भागीदार होती. तिची आणि एल्विसचा व्यवस्थापक टॉम पार्कर याची रीत ठरलेली होती: एल्विसने गाणे गावे असे वाटत असेल तर गीतकाराने हक्कांतला मोठा हिस्सा आधी लिहून द्यायचा. ब्लॅकवेलने ‘डोन्ट बी क्रूएल’ आणि ‘ऑल शुक अप’ दिली तेव्हा दोन्हींवर सहलेखक म्हणून एल्विसचे नाव लागले. एल्विसने मुलाखतीत सांगितले की आपण आयुष्यात एकही गाणे लिहिलेले नाही. तरी ते नाव तिथे राहिले आणि त्या नावाचे पैसेही येत राहिले. ब्लॅकवेल आणि एल्विस यांची कधी भेटसुद्धा झाली नाही. इथे एल्विसचा बचाव करायला मी तयार नाही. तो कोवळा होता, गरिबीतून आला होता, कागदपत्रांत त्याला रस नव्हता, हे सारे खरे धरले तरी १९५६ नंतर त्याच्या एका शब्दाने फरक पडला असता आणि तो शब्द त्याने उच्चारला नाही.

चाल देशोदेशी फिरते, रचनाकाराचे नाव मागे राहते, हा अनुभव आपल्यालाही परका नाही. १९६३ च्या एका चित्रपटात एल्विसने गायलेले ‘मार्गरीटा’ ऐकले की हिंदी गाण्यांवर पोसलेल्या माणसाला रफींचे १९६८ मधील ‘कौन है जो सपनों में आया’ आठवल्याशिवाय राहत नाही, आणि तिथे संगीतकार म्हणून नाव शंकर-जयकिशन यांचेच आहे.

या वादात जी गोष्ट जवळजवळ कोणी मांडत नाही ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गीतकारांना लुबाडणारी ही रीत शेवटी एल्विसवरच उलटली. चांगला गीतकार आपल्या गाण्याचा हिस्सा का सोडेल? १९६० च्या दशकात नव्या पिढीचे गीतकार स्वतःच्या हक्कांबाबत जागे झाले आणि एल्विसच्या दारातून दूर राहिले. त्याच्यापर्यंत पोहोचली ती बांधील गीतकारांची, चित्रपटांसाठी मापाने शिवलेली गाणी. त्याने एकूण ३१ कथाचित्रपट केले, काही वर्षी तीन-तीन, आणि त्यांतील बहुतेक गाणी ऐकताना इतका देखणा आवाज रिकाम्या भांड्यावर वाजवला जातो आहे असे वाटून जीव हळहळतो. त्याच्या टीकाकारांना ही वर्षे त्याच्या उथळपणाचा पुरावा वाटतात. मला ती त्या करारपत्रांची फळे वाटतात.

याचा उलट पुरावाही उपलब्ध आहे. १९६९ च्या जानेवारीत एल्विस मेम्फिसमध्येच चिप्स मोमनच्या अमेरिकन साउंड या स्टुडिओत गेला. मोमनकडे मार्क जेम्सचे ‘सस्पिशस माइंड्स’ होते. एल्विसच्या माणसांनी नेहमीप्रमाणे प्रकाशनातला अर्धा हिस्सा मागितला. मोमनने साफ नकार दिला आणि ध्वनिमुद्रणच थांबवायची तयारी दाखवली. गाणे अखेर त्याच्या अटींवर झाले. त्यात मध्येच लय निम्मी होते, ठेका बदलतो, आवाज विनवणीवर येतो आणि मग ती मूळ धाव पुन्हा पकडतो. अमेरिकेच्या यादीत पहिले आलेले त्याचे हे शेवटचे गाणे. स्वतंत्र माणसाकडून, स्वतंत्र माणसाच्या अटीवर घेतलेले गाणे मिळाले की हा गायक काय करू शकत होता ते तिथे ऐकू येते. जानेवारी-फेब्रुवारीतल्या त्या बैठकांनंतर एल्विस त्या स्टुडिओत पुन्हा कधी ध्वनिमुद्रणाला गेला नाही.

पाच वर्षांनी तेच पुन्हा घडले. डॉली पार्टनचे ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ १९७४ साली गाजले होते आणि एल्विसला ते गायचे होते. पार्टन हरखून गेली. ध्वनिमुद्रणाच्या तोंडावर पार्करने तिला नेहमीची अट कळवली: प्रकाशनाचा अर्धा हक्क. गाणे तिने स्वतः लिहिलेले होते आणि तिच्या घरादाराची पुंजी तेच होते. ती रात्रभर रडली आणि नाही म्हणाली. १९९२ साली व्हिटनी ह्यूस्टनने ते गायले, जगभर गाजवले, आणि क्रडपला जे मिळायला हवे होते ते पार्टनला मिळाले. एल्विस १६ ऑगस्ट १९७७ रोजी बेचाळिसाव्या वर्षी वारला. संथ लयीचे, निरोपाचे, गॉस्पेलच्या वळणाने चढत जाणारे ते गाणे त्याच्या गळ्यासाठीच लिहिलेले असावे असे वाटते, आणि त्याच्या आवाजात ते कधी ध्वनिमुद्रित झालेच नाही.